मुका मार आणि गाठ

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखकाचे वय 46. चौदा महिन्यांपूर्वी घर बदलताना ते आणि त्यांची पत्नी एक जड कपाट उचलत होते. यांच्या हातून कपाट निसटले आणि त्याचा कोपरा पत्नीच्या डाव्या स्तनाच्या वरच्या भागावर, बगलेच्या बाजूला, जोरात आदळला. कातडी फुटली नाही. मुका मार होता. निळा डाग पडला आणि त्यावर त्या रोज रात्री मलम चोळत असत. डाग हिरवा झाला, पिवळा झाला आणि गेला, पण आत काहीतरी घट्ट राहिले. “रक्त साकळले असेल” असे आधी घरच्यांना आणि मग जवळच्या डॉक्टरांनाही वाटले. तीन महिन्यांनी मॅमोग्राफी आणि बायोप्सी झाली, तेव्हा 2.2 सेंटीमीटरची कॅन्सरची गाठ असल्याचे कळले. पत्नी 43 वर्षांच्या आहेत. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पार पडली असून किरणोपचार सुरू आहेत. “मार लागला तिथेच गाठ उठली ना,” असे सासूबाई एकदा सहज बोलून गेल्या आणि तेव्हापासून यांची झोप उडाली आहे. ते विचारतात : हे माझ्या हातून घडले का? पत्नीला हे बोलून दाखवून क्षमा मागावी का? आमची 15 वर्षांची मुलगी बास्केटबॉल खेळते, तिच्या छातीवर कुणाचे ना कुणाचे कोपर बसतच असते, तर तिचा खेळ बंद करावा का? पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिले आहे : “माझ्या वडिलांच्या पोटरीवर तरुणपणी भाजल्याचा मोठा व्रण आहे. चाळीस वर्षे तो अधूनमधून फुटतो, गेले सहा महिने तर भरलेलाच नाही, तरी त्यांना काही झाले नाही. मग माझ्या पत्नीलाच एका धक्क्याने का व्हावे?”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत राखून ठेवणे निर्दयपणाचे होईल, म्हणून ते आधीच सांगते. कपाटाच्या धक्क्याने तुमच्या पत्नीला कॅन्सर झालेला नाही. हे मी तुमच्या समाधानासाठी लिहीत नाही. शरीरातून काढलेल्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्या कसल्या आहेत हे सांगणे हेच माझे अनेक वर्षांचे काम आहे, आणि अप्रिय उत्तर असते तर तेही मी लिहिले असते. मात्र नुसते ‘नाही’ म्हटल्याने तुमची झोप परत येणार नाही हेही मला ठाऊक आहे, कारण तुमच्या मनात जो हिशेब बसला आहे तो दिसायला बिनतोड आहे : मार लागला, त्यानंतर गाठ आली, आणि तीही त्याच जागी. तो कुठे चुकतो ते सावकाश पाहू.

आधी ‘त्यानंतर’ हा शब्द घेऊ. एक सेंटीमीटर व्यासाच्या गाठीत ढोबळमानाने शंभर कोटी पेशी असतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ असे करत शंभर कोटींवर पोहोचायला सुमारे 30 वेळा दुप्पट व्हावे लागते. तुमच्या पत्नीच्या गाठीचा व्यास 2.2 सेंटीमीटर होता, म्हणजे आकारमान त्याच्या दहापटीहून अधिक, म्हणजे आणखी तीनेक वेळा दुप्पट. कपाट आदळले त्याच दिवशी पहिली पेशी बिघडली असे धरले, तर तीन महिन्यांत 33 वेळा, म्हणजे दर पावणेतीन दिवसांनी ती गाठ दुप्पट होत गेली असे मानावे लागेल. स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी अशा वाढत नाहीत. एकदा दुप्पट व्हायला त्यांना सहसा काही महिने लागतात. सरासरी शंभर दिवस धरले, तर 33 वेळांना नऊ वर्षे होतात. गाठ प्रत्येक टप्प्यावर एकाच वेगाने वाढत नाही, त्यामुळे नऊ हा आकडा कुणी ब्रह्मवाक्य समजू नये. पण तीन महिने आणि कित्येक वर्षे यांतले अंतर वेगाच्या चढउतारांनी भरून निघणारे नाही. घर बदलण्याचे तुमच्या मनात यायच्या कितीतरी आधीपासून ती गाठ तिथे होती, फक्त ती हाताला लागावी एवढी मोठी झालेली नव्हती.

ज्या कारणाबद्दल तिळमात्र शंका नाही, तेही किती वेळ घेते याचे एक उदाहरण देते. हिरोशिमा आणि नागासाकीवर 1945 मध्ये अणुबॉम्ब पडले. त्या किरणोत्सर्गाने थेट जनुकांना इजा केली, तरीही वाचलेल्या लोकांत रक्ताच्या कॅन्सरचे वाढलेले प्रमाण दिसायला दोन-तीन वर्षे लागली आणि स्तन, फुप्फुस, जठर अशा अवयवांच्या कॅन्सरचे प्रमाण वाढल्याचे त्यानंतर कितीतरी वर्षांनी, दहा आणि त्याहून अधिक वर्षांच्या अंतराने, स्पष्ट होत गेले. कपाटाचा कोपरा याहून घाईने काम करील हे संभवत नाही.

आता ‘त्याच जागी’. तुमच्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले : त्या रोज रात्री तिथे मलम चोळत असत. इतर वेळी निरोगी स्त्री स्वतःच्या स्तनाच्या एका ठरावीक भागावर रोज बोटांची टोके फिरवत नाही. महिन्यातून एकदा तपासून पाहा असे सांगूनही फार थोड्या जणी ते करतात. त्यांची बोटे मात्र त्या डागामुळे कितीतरी आठवडे रोज त्याच चार इंचांवरून फिरत होती. डाग पिवळा पडून विरला आणि बोटांखाली जे उरले ते आधीचेच होते. शिवाय स्तनाचा वरचा, बगलेकडचा भाग हा असा आहे की तिथे ग्रंथींची ऊती सर्वांत जास्त असते आणि स्तनाचे कॅन्सरही इतर कुठल्याही भागापेक्षा तिथेच अधिक आढळतात. वजन उचलायला हात पुढे केले की धक्का लागायला नेमकी तीच बाजू मोकळी पडते. योगायोग तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही.

माराने कॅन्सर ‘सापडणे’ आणि माराने कॅन्सर ‘होणे’ यांतला फरक डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात फार स्वच्छ दिसला. डोक्याला मार लागून 1977 ते 1992 या काळात रुग्णालयात दाखल झालेल्या दोन लाखांहून अधिक लोकांचा संशोधकांनी पुढे मागोवा घेतला. पहिल्या वर्षात या लोकांत मेंदूच्या गाठी अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त निघाल्या, आणि तेवढेच वाचणाऱ्याला वाटेल की झाले, संबंध सिद्ध झाला. पण ते पहिले वर्ष वगळले तेव्हा मेंदूच्या कॅन्सरचे, म्हणजे ग्लायोमाचे, प्रमाण जवळपास सर्वसाधारण लोकांएवढेच भरले. उलगडा सोपा आहे : डोक्याला मार लागला म्हणून स्कॅन काढला गेला आणि आधीपासून असलेली गाठ दिसली; काहींच्या बाबतीत तर त्या गाठीमुळेच तोल गेला किंवा झटका आला, आणि माणूस पडला. तिथे कारण आणि परिणाम यांची जागाच उलटी होती.

हा प्रश्न तुमच्या आधी न्यायालयांनाही पडलेला आहे. कामावर मार लागलेल्या मजुराला पुढे त्याच जागी कॅन्सर झाला तर मालकाने भरपाई द्यावी का, असे दावे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊ लागले होते. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग, ज्यांच्या नावाने हाडाचा एक कॅन्सर ओळखला जातो, त्यांनी 1926 मध्ये यासाठी काही कसोट्या मांडल्या. मार खरोखर लागलेला असावा आणि पुरेसा जबर असावा. ती जागा त्याआधी निरोगी होती याची खात्री असावी. गाठ नेमकी तिथेच उठलेली असावी. मधला काळ त्या प्रकारच्या गाठीला शोभेल इतका असावा. आणि गाठीचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली पक्के झालेले असावे. तुमच्या बाबतीत पहिली, तिसरी आणि शेवटची कसोटी लागू पडते, आणि उरलेल्या दोन ठिकाणी सगळा दावा ढासळतो. जागा आधी निरोगी होती याचा कसलाही पुरावा नाही, आणि मधला काळ तर अशक्यच आहे. तुम्ही स्वतःवर चालवलेला खटला युइंग यांच्यासमोर उभा राहिला नसता.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की काही छोट्या अभ्यासांत स्तनाला लागलेला मार आणि पुढचा कॅन्सर यांचा संबंध दिसल्याचे नोंदले गेले आहे. त्यांची अडचण अशी की त्यांत आजारी स्त्रियांना आणि निरोगी स्त्रियांना “गेल्या काही वर्षांत छातीला मार लागला होता का?” असे विचारले जाते. जिला कॅन्सर झाला आहे तिने आपल्या आयुष्याची पाने उलटून उलटून पाहिलेली असतात; तिला बसच्या दांड्याचा धक्काही आठवतो. निरोगी स्त्रीने तोच धक्का दुसऱ्या दिवशी विसरून टाकलेला असतो. वाढते वय, आई-बहिणीला असलेला आजार, काही वारशाने आलेली जनुके, पाळी लवकर येणे आणि उशिरा जाणे, पहिले मूल उशिरा होणे किंवा न होणे, मद्य, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, तरुण वयात छातीवर घेतलेले किरणोपचार ही स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारी कारणे पुनःपुन्हा, वेगवेगळ्या अभ्यासांत पक्की झालेली आहेत. मुका मार त्यांत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग ही समजूत इतकी जुनी आणि इतकी सार्वत्रिक कशी? ती सर्वस्वी हवेतून आलेली नाही, आणि मला तुमच्या पत्रातली याच्याशी जोडलेली बाजू अधिक महत्त्वाची वाटते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो यांनी 1863 मध्ये असे मत मांडले की जिथे ऊतीला सतत त्रास होत राहतो, तिथे कॅन्सर उगवतो; गाठींमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी त्यांनी पाहिली होती. पुढे अमेरिकन संशोधक पेटन रूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांच्या कानांना काही काळ डांबर लावले, ते थांबवल्यावर उठलेल्या चामखिळीसारख्या गाठी विरून जाऊ दिल्या, आणि मग त्या वरून बऱ्या दिसणाऱ्या कानांना भोके पाडली. भोकांच्या कडांनी गाठी पुन्हा उठल्या. डांबराने काही पेशी आधीच बिघडवून ठेवलेल्या होत्या आणि जखमेने त्यांना वाढायला वाव दिला. 1985 मध्ये अमेरिकेतल्या संशोधक मिना बिसेल यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की कोंबडीच्या एका पंखात कॅन्सर करणारा विषाणू टोचला आणि दुसऱ्या पंखाला जखम केली, तर त्या जखमेच्या जागीही गाठ होते. पुढच्याच वर्षी अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ हॅरल्ड ड्वोरॅक यांनी कॅन्सरच्या गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटले, आणि ते नुसते अलंकारिक बोलणे नव्हते. जखम भरताना शरीर जे करते, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या काढते, पेशींना वाढीचे संदेश देते, आजूबाजूची ऊती मोकळी करून जागा करते, तेच सगळे गाठीतही चाललेले असते. फरक एवढाच की जखमेत काम संपले की ‘आता पुरे’ असा निरोप जातो.

या प्रयोगांत एक गोष्ट चुकवू नये : दर वेळी डांबर किंवा विषाणू आधीच हजर होता. धडधाकट प्राण्याला नुसती जखम केली तर ती भरून येते. त्यामुळे तुमच्या मनात पुढचा प्रश्न येणार तो मी आधीच घेते : गाठ आधीची होती हे मान्य, पण धक्क्याने ती चेतवली गेली नसेल का? दबून बसलेल्या कॅन्सरच्या पेशी दूरच्या जखमेच्या दाहाने जाग्या होऊ शकतात असे उंदरांवरच्या काही प्रयोगांत दिसले आहे, आणि त्यावर गंभीरपणे काम सुरू आहे. पण माणसांत एका मुक्या माराने स्तनाच्या कॅन्सरचा मार्ग बदलल्याचा पुरावा नाही. काही जण तुम्हाला उलट टोकाचे सांत्वन देतील की धक्का लागला हे बरेच झाले, नाहीतर गाठ आणखी वाढून कळली असती. त्यात तथ्य असेलही, तरी मी ते वाक्य वापरणार नाही, कारण ज्या माणसाला तो कोपरा लागताना ऐकू आला आहे त्याला ते टोचतेच.

तुम्ही विचारलेले नाही, पण एका अपराधी भावनेतून सुटका झाली की मन दुसरी शोधते, म्हणून त्या तीन महिन्यांबद्दलही लिहिते. स्तनाला मार लागल्यावर आतली चरबी मरते आणि तिथे कडक, कधीकधी वेडीवाकडी, कातडीला ओढून धरणारी गाठ होते. मॅमोग्राफीतही ती कॅन्सरसारखी दिसू शकते, आणि बायोप्सीचा काप माझ्या टेबलावर आल्यावरच दोन्हींतला फरक कळतो : एकीकडे फुटलेल्या चरबीच्या रिकाम्या जागा आणि त्यांच्याभोवती मलबा उचलणाऱ्या फेसाळ पेशी, दुसरीकडे रांगा मोडून आत घुसलेल्या कॅन्सरच्या पेशी. पहिले काही दिवस ‘रक्त साकळले असेल’ असे कुणालाही वाटले तर तो निष्काळजीपणा नव्हे. मात्र हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी एक मर्यादा सांगते. मुक्या माराची गाठ तीन-चार आठवड्यांत लहान होत जाताना जाणवली पाहिजे. तशी होत नसेल, तर मार लागल्याची आठवण कितीही पक्की असो, तपासणी करून घ्यावी. ‘काय झाले ते माहीत आहे’ ही खात्रीच निदानाला उशीर करते.

किशोरवयातल्या मुलांच्या गुडघ्याबाबत हे सर्वांत जास्त घडते. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा हा कॅन्सर गुडघ्याच्या आसपास आणि नेमका खेळत्या वयात होतो. त्या वयात गुडघ्याला काही लागलेले नाही असा आठवडा जात नाही, म्हणून दुखणे खेळाच्या खात्यावर टाकले जाते. झोपेतून उठवणारे दुखणे आणि आठवड्यागणिक वाढणारी सूज असेल तर साधा एक्स-रे काढून घ्यावा. गायक बॉब मार्ली यांच्या पायाचा अंगठा 1977 मध्ये फुटबॉल खेळताना दुखावला आणि ती जखम भरेना, तेव्हा नखाखाली मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, असल्याचे निष्पन्न झाले. 1981 मध्ये वयाच्या 36 व्या वर्षी ते गेले. फुटबॉलने त्यांना कॅन्सर झाला अशी दंतकथा त्यानंतर तयार झाली. नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते आणि शेवटी कापले जाते. जो काळा डाग किंवा पट्टा जागचा हलत नाही, तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावा. याच जातीची आणखी एक समजूत म्हणजे ‘गाठीला सुई लावली की ती पसरते’. सुईच्या मार्गात पेशी सांडण्याचे प्रकार नोंदलेले आहेत, पण ते विरळा आहेत, आणि त्या भीतीने बायोप्सी टाळल्यामुळे होणारे नुकसान मी वरचेवर पाहते.

पत्नीशी बोलावे का, यावर माझे मत ‘बोलावे’ असे आहे, पण तुम्ही ठरवले आहे तसे नव्हे. तुमच्यापुढे दोन वाटा दिसतात : गप्प राहून हे ओझे एकट्याने वाहायचे, किंवा एका रात्री सगळे बोलून क्षमा मागायची. पहिलीत अडचण अशी की सोबत राहणाऱ्या माणसाला तुमचे न झोपणे कळते, आणि त्याचे कारण त्या आपल्या आजारपणात शोधतील. कदाचित तपासणीचा एखादा अहवाल आपल्यापासून लपवला जात आहे असेही त्यांना वाटेल. दुसरीत, जे तुम्ही केलेच नाही त्याची क्षमा करण्याचे काम किरणोपचारांनी थकलेल्या माणसावर पडते, आणि तुमची समजूत घालता घालता त्यांचीही तशीच समजूत व्हायची. मला तिसरी वाट बरी वाटते. पुढच्या तपासणीला दोघे मिळून जाल, तेव्हा त्यांच्यासमोरच डॉक्टरांना साधेपणाने विचारा : “गाठ कळायच्या तीन महिने आधी तिथे मार लागला होता. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?” उत्तर दोघांच्या कानांवर एकदमच पडेल. हा प्रश्न त्यांनाही पडलेला असण्याची शक्यता मला दाट वाटते. त्यांची बाजू कदाचित अगदी वेगळी असेल, मी कपाट उचलायला गेलेच का, अशी. घरी परतताना तुम्हाला काय वाटत होते ते जरूर सांगा, पण तेव्हा ती झाल्या गोष्टीची हकिगत असेल.

सासूबाईंवर राग धरू नका. मुलीच्या आजाराला काहीतरी कारण असावे असे आईला वाटते, आणि बहुतेक कॅन्सरच्या बाबतीत ‘हेच ते’ असे बोट ठेवता येत नाही. जनुकांतले बिघाड वर्षानुवर्षे एकेक करून साठत जातात आणि त्यांतले कितीतरी निव्वळ पेशीविभाजनातल्या चुकांमुळे होतात, हे उत्तर कुणाच्याच मनाला पटकन भिडत नाही. कपाट डोळ्यांना दिसते. त्यांनाही त्या तपासणीला सोबत नेता आले तर न्या.

मुलीचा खेळ बंद करू नका. कोपराच्या धक्क्याने तिला काही होणार नाही आणि नियमित शारीरिक हालचालीने पुढच्या आयुष्यात स्तनाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे मात्र पक्के आहे. तिच्या दृष्टीने जो प्रश्न खरोखर विचारायला हवा तो तुमच्या पत्रात नाही. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झालेल्या स्त्रीची बीआरसीए-1, बीआरसीए-2 अशा, ज्यांतला वारशाने आलेला दोष हा धोका वाढवतो त्या जनुकांची तपासणी करावी असे आता सर्वसाधारणपणे सुचवले जाते, आणि तुमच्या पत्नी 43 वर्षांच्या आहेत. ही तपासणी आधी त्यांची व्हायची असते, मुलीची नव्हे. त्यांच्यात दोष सापडला तर तो मुलीकडे येण्याची शक्यता निम्मी असते, आणि स्वतःची तपासणी करायची की नाही हे तिने सज्ञान झाल्यावर, समुपदेशकाशी बोलून ठरवायचे असते. दोष सापडला नाही, तरी आईला कमी वयात हा आजार झाला होता ही नोंद तिने पुढे आपल्या डॉक्टरांना द्यायची आहे. घरातल्या दोन्ही बाजूंच्या आत्या, मावश्या, आज्या यांना कोणकोणते कॅन्सर कोणत्या वयात झाले, याची एक यादी मात्र आताच करून ठेवा. सांगणारी माणसे हयात असतात तोवरच ती होते.

राहिले तुमचे वडील, ज्यांचे उदाहरण तुम्ही ‘यांना काही झाले नाही’ म्हणून दिले आहे. तुमच्या सबंध पत्रात मला अस्वस्थ केले ते याच वाक्याने. इजा आणि कॅन्सर यांचा जो संबंध वैद्यकाला निःसंशय मान्य आहे, तो नेमका असा असतो. जुन्या, खोल भाजल्याच्या व्रणावर, वर्षानुवर्षे पू वाहणाऱ्या हाडाच्या जखमेच्या तोंडाशी, पायावरच्या न भरणाऱ्या क्षतावर त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. फ्रेंच शल्यविशारद ज्यां-निकोलस मार्जोलँ यांनी 1828 मध्ये व्रणांवर उठणाऱ्या अशा क्षतांचे वर्णन केले, आणि आजही त्याला मार्जोलँचे क्षत म्हणतात. भाजल्यापासून ते उद्भवेपर्यंत सरासरी तीसेक वर्षे जातात. कातडी न बसवता आपोआप भरू दिलेले, पायावरचे, पुनःपुन्हा फुटणारे व्रण यात जास्त करून सापडतात, आणि तुम्ही केलेले वर्णन त्याला शब्दशः जुळते. प्रत्येक भाजलेल्या माणसाने घाबरून जावे असे यात काही नाही. डेन्मार्कमध्येच भाजून रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे 17 हजार लोकांच्या पाहणीत त्वचेच्या कॅन्सरचे प्रमाण एकंदरीत वाढलेले आढळले नाही. चहाचा कप सांडून पडलेला डाग या गोष्टीत मोडत नाही. पण चाळीस वर्षे फुटणारा आणि सहा महिने न भरलेला व्रण मोडतो.

असा व्रण फारसा दुखत नाही आणि म्हातारी माणसे त्याला सरावलेली असतात, त्यामुळे “हे माझे जुनेच आहे” म्हणून ते तुम्हाला परत पाठवतील. तुम्ही पाहून घ्या : कडा उचलल्यासारख्या, घट्ट किंवा फुलकोबीसारख्या झाल्या आहेत का, वास बदलला आहे का, हलक्या स्पर्शाने रक्त येते का, जांघेत गाठ लागते का. यांतले काहीही नसले तरी सहा महिने हे एकटे कारण पुरेसे आहे. लवकर कळले तर तेवढा भाग रुंद काढून, कातडी बसवून बहुतेक काम भागते. उशिरा कळलेले हे कॅन्सर त्वचेच्या इतर कॅन्सरपेक्षा जास्त पसरतात.

त्यांना या आठवड्यातच शल्यविशारदांकडे न्या, आणि व्रण किती वर्षांचा आहे, किती वेळा फुटला, या वेळी किती महिने झाले हे कागदावर लिहून घेऊन जा, कारण ते स्वतः ‘थोडे दिवस’ असेच सांगतील. नुसते मलम आणि पट्टी देऊन पाठवू लागले तर बायोप्सीबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा, आणि तुकडा एकाच जागेवरून न घेता कडेवरून, तीन-चार ठिकाणांहून घ्या असे म्हणायला संकोच करू नका. मधल्या भागातून घेतलेल्या तुकड्यात पुष्कळदा फक्त मेलेली ऊती आणि पू येतो, आणि मग माझ्यासारखीला अहवालात ‘पुन्हा नमुना पाठवावा’ एवढेच लिहिता येते.